मिश्र जातीच्या कुत्र्यांची जनुकीय तपासणी: कधी करावी, निकाल कसा वाचावा

"आमचा क्रॉस आहे डॉक्टर, त्याला कसले आनुवंशिक आजार?" दवाखान्यात हे वाक्य नेहमी ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे.

बरेच आनुवंशिक आजार होण्यासाठी जनुकातल्या दोषाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. आईवडील वेगवेगळ्या जातींचे असतील, तर दोघांकडून नेमका एकच दोष येण्याची शक्यता कमी होते. पण काही दोष खूप जुने आहेत आणि अनेक जातींमध्ये पसरलेले आहेत. २०१८ मध्ये एक लाखाहून अधिक कुत्र्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १५२ दोष तपासले होते आणि साधारण पाचपैकी दोन कुत्र्यांत त्यांपैकी किमान एका दोषाची एक तरी प्रत सापडली. लॅब्राडोर आणि पूडल यांच्या संकरातून झालेला लॅब्राडूडल हे याचे सोपे उदाहरण. हळूहळू आंधळेपण आणणारा डोळ्याच्या पडद्याचा एकच दोष या दोन्ही जातींत आढळतो, त्यामुळे पिल्लाला दोन प्रती मिळू शकतात.

गावठी कुत्र्याबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तो कुठल्या जातींचा संकर नाही, ती आपल्याकडची जुनी, स्वतंत्र जात आहे. बाजारातल्या चाचण्या मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या जातींमध्ये सापडलेले दोष शोधतात. म्हणून गावठी कुत्र्याचा निकाल 'सर्व निगेटिव्ह' आला, तर त्याचा अर्थ 'यादीतले दोष नाहीत' एवढाच घ्या.

औषधे सोसण्याशी संबंधित दोष

एकच चाचणी करायची असेल, तर मी एमडीआर-१ ची सुचवेन, विशेषतः अंगात कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड किंवा जर्मन शेफर्डचे रक्त असण्याची शक्यता असेल तर. हे जनुक मेंदूच्या दारावरच्या पहारेकऱ्यासारखे काम करते, काही औषधांना मेंदूत साचू देत नाही. त्यात दोष असला की तीच औषधे विषासारखी वागतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या आकडेवारीनुसार कॉलींमध्ये सुमारे ७० टक्के, जर्मन शेफर्डमध्ये सुमारे १० टक्के आणि मिश्र जातींमध्ये सुमारे ५ टक्के कुत्र्यांत हा दोष असतो. आकडे तिकडचे आहेत, पण ती जनुके पिल्लांबरोबर इकडेही आली आहेत.

आपल्याकडे याचे महत्त्व आयव्हरमेक्टिनमुळे आहे. खरूज आणि गोचिडांवर हे इंजेक्शन अनेकदा डॉक्टरला न विचारताच दिले जाते, कधी गोठ्यातल्या बाटलीतून. हिशेब बघा. हार्टवर्म टाळण्यासाठी महिन्याला दिला जाणारा डोस किलोमागे ६ मायक्रोग्रॅम असतो आणि तो दोष असलेल्या कुत्र्यालाही चालतो. २० किलोच्या कुत्र्यासाठी तो ०.१२ मिलीग्रॅम होतो. गुरांसाठीच्या एक टक्क्याच्या इंजेक्शनच्या १ मिलीमध्ये १० मिलीग्रॅम औषध असते, म्हणजे ऐंशीपटीहून जास्त. खरजेचे डोसही हार्टवर्मच्या डोसाच्या कितीतरी पट असतात, आणि दोष असलेल्या कुत्र्याला तेच बाधतात.

औषध दिल्यावर कुत्रा झोकांड्या देऊ लागला, लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, दिसेनासे झाल्यासारखा धडकू लागला किंवा थरथरू लागला, तर लगेच दवाखान्यात न्या आणि बाटली बरोबर घ्या. यावर नेमका उतारा नाही. सलाइन, श्वासाला आधार आणि देखरेख यांवरच भिस्त असते आणि बरे व्हायला कित्येक दिवस लागू शकतात.

दुसरे औषध व्हिंक्रिस्टिन. मिलनातून पसरणाऱ्या गुप्तांगाच्या गाठीवर आपल्याकडे ते नेहमी वापरले जाते. एमडीआर-१ दोष असलेल्या कुत्र्यात त्याने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात, म्हणून डोस कमी करावा लागतो. भूल देण्याआधीची काही औषधे आणि जुलाबावरची लोपेरामाइड ही गोळीही याच यादीत येते. घरातली माणसांची जुलाबाची गोळी कुत्र्याला देऊ नका, चाचणी झालेली असो वा नसो.

खरजेसाठी आता आयसोऑक्सॅझोलिन गटातल्या गोळ्याही मिळतात. तुमच्या कुत्र्याला त्या चालतील का, हे पशुवैद्याला विचारा. आकडी येणाऱ्या कुत्र्यांत त्या जपून वापराव्या लागतात.

निकाल म्हणजे निदान नव्हे

२०१८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तज्ज्ञांनी १३ वर्षांच्या एका पग कुत्रीची हकीकत मांडली. तिला चालता येईनासे झाले होते, लघवीवरचा ताबा गेला होता. मालकांनी घरबसल्या चाचणी मागवली. मज्जारज्जू हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराशी संबंधित दोष निघाला, आणि पुढे त्रास नको म्हणून तिला कायमचे झोपवण्यात आले. पण तिची लक्षणे मणक्याच्या उपचार होऊ शकणाऱ्या विकाराचीही असू शकत होती.

हा दोष एसओडी-१ या जनुकातला. दोन प्रती असलेल्या कुत्र्यांपैकी अनेकांना आजार कधीच होत नाही. होतो तो साधारण आठ वर्षांनंतर, मागच्या पायांपासून, आणि त्यात दुखत नाही. पाठीला हात लावताच कुत्रा विव्हळत असेल, तर आधी सरकलेल्या चकतीचा विचार करायला हवा. त्यासाठी अंगतपासणी, एक्स-रे आणि शक्य असेल तिथे एमआरआय लागतो. कागदावरच्या एका ओळीवरून जीव घेण्याचा निर्णय घेऊ नका. तुमच्या डॉक्टरने तसे सुचवले, तरी दुसऱ्याचे मत घ्या.

अहवालातला 'वाहक' हा शब्दही विनाकारण घाबरवतो. वाहक म्हणजे दोषाची एकच प्रत असलेला कुत्रा. बहुतेक आजारांत तो स्वतः निरोगी राहतो, फक्त त्याची पिल्ले काढताना विचार करावा लागतो. याला दोन अपवाद लक्षात ठेवा. एमडीआर-१ मध्ये एक प्रत असली तरी काही औषधांचा डोस बदलतो. आणि आखूड पायांच्या कुत्र्यांतला, डॅशहुंडच्या क्रॉसमध्ये हमखास दिसणारा, मणक्याच्या चकत्या लवकर कडक करणारा दोष एका प्रतीनेही धोका वाढवतो. असा कुत्रा असेल तर वजन आटोक्यात ठेवा, सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका आणि गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा. हे चाचणीविनाही करता येते.

डॉबरमनच्या क्रॉसची नसबंदी ठरली असेल, तर रक्त न गोठण्याच्या व्हॉन विलेब्रँड दोषाबद्दल शस्त्रक्रियेआधी बोलून घ्या. लॅब्राडोरचा क्रॉस जोरात खेळल्यावर मागच्या पायांत लुळा पडत असेल, तर त्याचीही जनुकीय चाचणी आहे.

खुब्याच्या सांध्याचा दोष, अ‍ॅलर्जी, बहुतेक आकड्या आणि बहुतेक कर्करोग यांबद्दल मात्र या चाचण्या फारसे काही सांगत नाहीत. त्यांत अनेक जनुके आणि आहार-वजनासारख्या गोष्टी गुंतलेल्या असतात. खुब्यासाठी एक्स-रेच हवा.

नमुना देताना

गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात. त्याआधी किमान अर्धा-एक तास खायला देऊ नका आणि दुसऱ्या कुत्र्याबरोबर भांडे चाटू देऊ नका, नाहीतर दोघांचा डीएनए मिसळतो. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या तोंडात आईच्या पेशी असू शकतात, तेव्हा दूध सुटेपर्यंत थांबलेले बरे. रक्ताचा नमुना चालत असेल तर तोही उत्तम.

पैसे भरण्यापूर्वी प्रयोगशाळेला विचारा की नेमके कोणते दोष तपासणार, आणि निकालात प्रतींची संख्या देणार का. फक्त 'जातींची टक्केवारी' देणारी चाचणी आजारांबद्दल काही सांगत नाही. निकाल आला की एमडीआर-१ ची ओळ लसीकरणाच्या कार्डाच्या पहिल्या पानावर ठळक लिहा, म्हणजे रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात न्यावे लागले तरी तिथल्या डॉक्टरला ती लगेच दिसेल.