संदेशवाहक आरएनए लस

रोगकारक व्हायरसातील प्रथिन बाहेर तयार करून टोचण्याऐवजी, ते तयार करण्याची सूचना वाहून नेणारा रिबोन्यूक्लिइक अम्लाचा (आरएनए) रेणू शरीरात सोडावयाचा व प्रथिननिर्मितीचे काम शरीरातील कोशिकांवरच सोपवावयाचे, या तत्त्वावर आधारलेली लस. कोव्हिड-१९ च्या साथीत, डिसेंबर २०२० मध्ये, ती प्रथम सार्वत्रिक वापरात आली. व्हायरसाचा जननिक अनुक्रम जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून अवघ्या अकरा महिन्यांत ती उपलब्ध झाल्याने ती घाईने बनविली गेली, असा समज पसरला. वस्तुतः तिच्यामागे सु. साठ वर्षांचे संशोधन आहे. ते संदेशवाहक रेणू, त्याचे आवरण आणि प्रथिनाचा आकार अशा तीन वेगवेगळ्या दिशांनी झाले व या तिन्ही दिशांच्या संशोधकांपुढे बराच काळ कोव्हिडसारखे काही नव्हतेच.

डीएनएमधील माहिती प्रथिननिर्मितीच्या स्थानी पोहोचविणाऱ्या अल्पजीवी आरएनएचा शोध १९६१ मध्ये लागला. सिडनी ब्रेनर, फ्रान्स्वा झाकॉब व मॅथ्यू मेसेल्सन यांचे प्रयोग त्यात निर्णायक ठरले. १९८४ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठात असा आरएनए एंझाइमाच्या साहाय्याने परीक्षानळीत तयार करण्यात आला आणि १९९० मध्ये तो उंदरांच्या स्नायूंत टोचला असता तेथे अपेक्षित प्रथिन तयार होते, असे दिसून आले. तथापि हा रेणू अत्यंत नाजूक असून शरीरातील एंझाइमे त्याचे झपाट्याने विघटन करतात. शिवाय बाहेरून आलेल्या आरएनएला शरीर व्हायरसाचे आक्रमण समजते व तीव्र दाह उत्पन्न होतो. त्यामुळे बहुतेक संशोधक डीएनएकडे वळले.

या विषयाला चिकटून राहिलेल्या मोजक्या व्यक्तींत कातालिन कारिको (१९५५–    ) या हंगेरियन जीवरसायनशास्त्रज्ञ होत. १९८५ मध्ये त्या अमेरिकेत आल्या व १९८९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रुजू झाल्या. संशोधनासाठी अनुदान मिळविता न आल्याने १९९५ मध्ये त्यांची पदावनती झाली. पुढे त्याच विद्यापीठातील प्रतिरक्षावैज्ञानिक ड्र्यू वाइसमन (१९५९–    ) यांच्याशी त्यांची गाठ पडली, ती छायाप्रती काढण्याच्या यंत्रापाशी. परीक्षानळीत बनविलेला आरएनए प्रतिरक्षा कोशिकांना चेतवितो, परंतु सस्तन प्राण्यांच्या कोशिकांतून काढलेले काही आरएनए तसे करीत नाहीत, हे या दोघांच्या ध्यानात आले. नैसर्गिक आरएनएमधील घटकांत सूक्ष्म रासायनिक फेरबदल झालेले असतात, हे त्याचे कारण होते. युरिडीन या घटकाच्या जागी स्यूडोयुरिडीन वापरताच दाह जवळजवळ नाहीसा झाला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधनिबंधाची तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. त्याच कार्यासाठी दोघांना २०२३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या फेरबदलाचे महत्त्व किती, याची कसोटी कोव्हिडकाळात अनायासे लागली. फायझर-बायोएनटेक व मॉडर्ना यांच्या लशींत फेरबदल केलेला आरएनए होता आणि त्या चाचण्यांत अनुक्रमे सु. ९५ व ९४ टक्के परिणामकारक ठरल्या. क्युअरव्हॅक या जर्मन कंपनीच्या लशीत तो नव्हता. तिची मात्रा कमी ठेवणे भाग पडले व २०२१ मधील चाचणीत तिची परिणामकारकता पन्नास टक्क्यांहूनही कमी भरली. अर्थात तोवर व्हायरसाचे नवे प्रकारही पसरले होते, हे लक्षात घ्यावयास हवे.

आवरणाचा प्रश्न कॅनडातील व्हँकूव्हर येथे पीटर कलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्यत्वे सोडविला. त्यांनी घडविलेले मेदाचे अतिसूक्ष्म कण रक्तात विद्युत् भाररहित राहतात, पण कोशिकेतील अम्लधर्मी पोकळीत शिरताच धन भारित होऊन आतील आरएनए मोकळा करतात. याच तंत्रावर आधारलेल्या, एका आनुवंशिक चेताविकारावरील औषधाला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली होती. तिसरे काम बार्नी ग्रॅहम, जेसन मॅक्लेलन प्रभृतींचे. करोना व्हायरसाचे काटेरी प्रथिन आपला आकार बदलते. त्यात प्रोलीन या अमिनो अम्लाचे दोन रेणू योग्य जागी बसविल्यास ते मूळ आकारात स्थिर राहते, हे मेर्स व्हायरसाच्या अभ्यासातून २०१७ पर्यंत कळून चुकले होते.

या तंत्रात लष्करी यंत्रणेने लक्ष घातले, ते वेगळ्या गरजेपोटी. अनोळखी प्रदेशात धाडलेल्या सैनिकांना कोणता रोग वा कोणते जैव अस्त्र गाठील, हे आधी सांगता येत नाही व प्रत्येकासाठी लशीचा साठा करणे अशक्य असते. म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील डार्पा या संस्थेने न्यूक्लिइक अम्लांवरील संशोधनास पैसा पुरविला. २०१३ मध्ये तिने मॉडर्ना कंपनीला अडीच कोटी डॉलरपर्यंतचे साहाय्य मंजूर केले. नागरी अनुदान समित्यांनी ज्या विषयाकडे पाठ फिरविली, त्याला सेनेने आधार द्यावा, ही गोष्ट त्या समित्यांना भूषणावह नाही. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकी लसयोजनेतही पुरवठ्याची बाजू सेनाधिकारी गुस्ताव्ह पर्ना यांच्याकडे होती. वेळ वाचला तो मुख्यतः चाचणीचे टप्पे एकमेकांवर आणल्याने आणि यश अनिश्चित असतानाच उत्पादन सुरू केल्याने. चाचणीतील व्यक्तींची संख्या कमी केलेली नव्हती. दोन्ही लशींच्या चाचण्यांत अनुक्रमे सु. ४४,००० व ३०,००० लोक सहभागी होते. तरुण पुरुषांत क्वचित आढळणारा हृदयस्नायुदाह मात्र लक्षावधी लोकांना लस दिल्यावरच उघड झाला.

फायझर-बायोएनटेकची लस प्रारंभी सु. –७०° से. तापमानास ठेवावी लागे. अशी शीतसाखळी गरीब देशांजवळ नव्हती आणि श्रीमंत देशांनी आगाऊ मागणी नोंदवून साठा आधीच बांधून ठेवला होता. भारतातील लसीकरण प्रामुख्याने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादिलेली कोव्हिशील्ड व हैदराबादची कोव्हॅक्सीन या वेगळ्या पद्धतीच्या लशींवर झाले. पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीने २° ते ८° से. तापमानास टिकणारी संदेशवाहक आरएनए लस विकसित केली व जून २०२२ मध्ये तिला निकडीच्या वापरासाठी परवानगी मिळाली, परंतु तोवर देशातील बहुसंख्य प्रौढांचे लसीकरण झालेले होते.

मे २०२४ मध्ये अमेरिकेत वृद्धांतील श्वसनविकारावरील आरएसव्ही व्हायरसाविरुद्ध या पद्धतीच्या लशीला मान्यता मिळाली. कर्करोगावरील व्यक्तिनिष्ठ लशींच्या चाचण्याही हाती घेण्यात आल्या. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने संदेशवाहक आरएनए लशींच्या विकासाचे २२ प्रकल्प आवरते घेतल्याचे जाहीर केले. त्यांची एकूण रक्कम सु. ५० कोटी डॉलर होती.