एका शब्दावरून कवितेचे वय ठरते का?

१/ हिब्रू बायबलमधील बहुतेक कवितांवर रचनाकाळाची नोंद नाही. मग त्यांचे वय ठरवायचे कसे? एक मार्ग भाषेतून जातो.

२/ इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बॅबिलोनी सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त केले. इ.स.पू. ५३९ मध्ये बॅबिलोन पर्शियनांच्या हाती गेले आणि अरेमाइक साम्राज्याच्या कारभाराची भाषा ठरली. हिब्रूवर तिचा प्रभाव वाढला. त्यातून तर्क रुळला : अरेमाइक छाप दिसली, की रचना उशिराची.

३/ ‘शास्ते’ या ग्रंथातील दबोरेचे गीत मात्र या तर्काला अडवते. अनेक अभ्यासक ते बायबलमधील सर्वांत जुन्या रचनांत गणतात. तरीही त्यात एका अनेकवचनाला हिब्रूच्या ‘-ईम’ऐवजी अरेमाइक वळणाचा ‘-ईन’ प्रत्यय आहे.

४/ उलगडा भूगोलात असू शकतो. हे गीत उत्तरेकडील युद्धाचे आहे, आणि उत्तर इस्राएलला अरेमाइक भाषकांचा शेजार होता. ‘-ईन’ हे तेथील बोलीचे लक्षण असेल, तर त्यावरून काळ ठरत नाही.

५/ म्हणूनच अवी हुर्विट्झ यांनी १९६८ मध्ये बजावले की सुटे अरेमाइक रूप पुरेसा पुरावा नव्हे. उशिराच्या ग्रंथांत रूढ असलेली अनेक लक्षणे एकाच रचनेत एकवटलेली हवीत.

६/ ‘गीतरत्ना’त बागेसाठी ‘पर्देस’ हा इराणी उगमाचा शब्द येतो. तो त्या ओळीचे आजचे रूप बहुधा पर्शियन काळातले असल्याचे सुचवतो. मूळ गीत मात्र त्याआधीही गायले जात असू शकेल. शब्दावरून ओळीचे वय कळते. गाण्याचे कळेलच असे नाही.