जकात कोणाला देता येते?

रमजान आला की घराघरांत जकातचा हिशेब सुरू होतो. सोनं किती, बँकेत किती, दुकानातला माल किती, त्याचे अडीच टक्के किती. एवढं सगळं काटेकोर करून ती रक्कम कोणाच्या हातात द्यायची हा प्रश्न मात्र आपण शेवटच्या अशऱ्यावर ढकलतो. मग दारावर जो येईल त्याला दिली, पावतीपुस्तक घेऊन आला त्याला दिली, झालं. खरं तर हकदारापर्यंत पोहोचवणं हाही फर्जचाच भाग आहे. हकदार नाही हे माहीत असूनही एखाद्याला दिली तर ती जकात अदाच होत नाही.

जकातचा दर आणि निसाब आपल्याला हदीसमधून कळतो. हकदार कोण, हे मात्र अल्लाहने कुरआनमध्येच ठरवून दिलं आहे. सूरह तौबाच्या 60व्या आयतीत आठ गट येतात: फकीर, मिस्कीन, जकात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मनं इस्लामशी जोडायची आहेत असे लोक, गुलामांची मुक्तता, कर्जबाजारी, अल्लाहच्या मार्गात असलेले आणि वाटसरू.

गुलामांचा गट आज प्रत्यक्षात उरलेला नाही. मनं जोडण्यासाठी दिला जाणारा हिस्सा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या काळात हजरत उमर (रजि.) यांच्या सांगण्यावरून थांबला. हनफी मस्लकात तो संपला असं मानतात, इतर काही इमाम गरज पडल्यास तो देता येतो म्हणतात. कर्मचारी म्हणजे इस्लामी शासनाने नेमलेले वसूल करणारे. आपल्याकडे चंदा गोळा करून त्यावर टक्केवारीने कमिशन घेणारे यात बसत नाहीत, असं बहुतेक उलमांचं मत आहे. पावती फाडताना हे विचारायला लाजू नये. वाटसरू म्हणजे घरी श्रीमंत असला तरी प्रवासात पैसे संपून अडकलेला माणूस. त्याला घरी पोहोचण्यापुरतं घेता येतं.

राहिले फकीर, मिस्कीन आणि कर्जबाजारी. आपल्या मोहल्ल्यातली जवळजवळ सगळी जकात यांच्याच हक्काची आहे आणि चुकाही इथंच होतात.

हनफी मतानुसार ज्याच्याकडे थोडंफार आहे पण निसाबपेक्षा कमी आहे तो फकीर, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो मिस्कीन. निसाब म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. हा तोळा जुना, साधारण 11.66 ग्रॅमचा. सराफाकडचा आजचा तोळा 10 ग्रॅमचा असतो, म्हणून ग्रॅममध्येच लक्षात ठेवा: सोनं 87.48 ग्रॅम, चांदी 612.36 ग्रॅम. हकदार कोण हे पाहताना चांदीची त्या दिवसाची किंमत धरतात.

आता एक रिक्षावाला घ्या. दोन खोल्यांचं स्वतःचं घर, स्वतःची रिक्षा, घरात फ्रीज, हातात मोबाईल. लोक म्हणतील, याला कसली जकात? पण राहतं घर, रोजीचं साधन, वापरातल्या वस्तू या मूलभूत गरजा आहेत. त्या हिशेबात येत नाहीत. त्याच्या खात्यात 40 हजार आहेत आणि आजारपणात घेतलेले हातउसने 70 हजार द्यायचे आहेत, तर त्याच्याकडे काहीच उरत नाही. तो पूर्णपणे हकदार आहे. उलट एखादी बाई फाटकी ओढणी घेऊन दारात उभी असेल, पण तिच्याकडे चार तोळे सोनं आणि काही रोकड असेल व कर्ज नसेल, तर हनफी मतात ती स्वतःच साहिब-ए-निसाब ठरते.

कोकणातल्या आपल्या शाफई भावांचा हिशेब थोडा वेगळा. त्यांच्याकडे निसाबऐवजी माणसाचा आणि त्याच्या कुटुंबाचा खर्च भागतो की नाही हे पाहतात. निसाबइतका माल असूनही खर्च भागत नसेल तर तो जकात घेऊ शकतो. मात्र कमावण्याची ताकद आणि योग्य काम दोन्ही असेल तर त्याला देत नाहीत. त्यामुळे रत्नागिरीचा नातेवाईक आणि मराठवाड्याचा नातेवाईक यांचं उत्तर वेगळं आलं तर वाद घालू नये, आपापल्या मस्लकाच्या मुफ्तींना विचारावं.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी समजावलं होतं की एकदोन घासांसाठी दारोदार फिरतो तो खरा मिस्कीन नव्हे. ज्याचं भागत नाही, तरी लोकांच्या ते लक्षात येत नाही आणि जो मागतही नाही, तो खरा मिस्कीन. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शिवणकाम करते. मोहल्ल्यात रमजानचे किट वाटले गेले तेव्हा ती गेली नाही, कारण तिथं फोटो काढत होते. त्या महिन्यात किराणावाल्याची उधारी थकली होती, हे मला मुलीच्या तोंडून सहज कळलं.

नात्यात आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं आणि नवऱ्याने बायकोला जकात देता येत नाही. भाऊ, बहीण, काका, मामा, फूफी, खाला, सासू-सासरे, सून हकदार असतील तर देता येते, आणि नातं जपल्याचा सवाब वेगळा. सय्यद घराण्यातल्या गरजूंना जकात नाही, त्यांना हदिया म्हणून द्यावं. जकात मुस्लिम हकदारांसाठी आहे. शेजारी दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याला नफ्ल सदक्यातून जरूर द्यावं.

हनफी मतात हकदाराला त्या रकमेचा मालक करणं ही अट आहे. म्हणून मस्जिदचं बांधकाम, कफन, रस्ता, बोअरवेल यांत जकात चालत नाही. दस्तरखानावर बसवून इफ्तार खाऊ घातली तर तीही जकातमध्ये धरत नाहीत, धान्य हातात दिलं तर धरतात. शाळेची फी द्यायची असेल तर रक्कम मुलाच्या पालकांच्या हातात द्या किंवा त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या वतीने भरा. उधारी बुडत असेल तर ‘माफ केली, जकातमध्ये धरली’ असंही चालत नाही. आधी जकात त्याच्या हातात द्यावी, मग त्याने आपलं कर्ज फेडावं.

देताना ‘ही जकात आहे’ असं सांगणं मात्र बंधनकारक नाही. नियत देणाऱ्याच्या मनात हवी. ईदी म्हणा, मुलांच्या वह्यांसाठी म्हणा, काहीच म्हणू नका. रमजानचीच वाट पाहायला हवी असंही नाही. साहिब-ए-निसाब माणूस वर्ष पुरं होण्याआधी, हप्त्याहप्त्याने अगाऊ जकात देऊ शकतो. मी माझी अर्धी जूनमध्ये देते, कारण गणवेश, वह्या आणि फी या तिन्हींचं ओझं आईबापांवर तेव्हाच पडतं.