माशाच्या पित्तातील साक्ष

शरीर स्वच्छ ठेवावे ही शिकवण प्राचीन आहे. परंतु घरातला साबणही जंतुनाशक असावा ही हौस विसाव्या शतकातली. या हौशीचा पहिला मानकरी हेक्झाक्लोरोफीन. अमेरिकेतील प्रसूतिगृहांत नवजात अर्भकांनासुद्धा त्याच्या द्रावणाने न्हाऊ घालीत. १९७२ साली फ्रान्समध्ये एका बालपावडरीत हे द्रव्य चुकून मिसळले गेले आणि ३६ अर्भके दगावली. त्याच वर्षी अमेरिकेने त्याच्या खुल्या विक्रीला आळा घातला.

रिकामी झालेली जागा ट्रायक्लोसान या दुसऱ्या द्रव्याने घेतली. ते बाझेल येथील गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेतून १९६० नंतरच्या दशकात बाहेर पडले. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनी १९३९ साली ओळखला, तोही याच कंपनीत. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण दोन्ही द्रव्यांत क्लोरीन आहे आणि दोन्ही स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

प्रथम शस्त्रवैद्यांच्या हात धुण्याच्या द्रावणात, मग साबणात, दंतमंजनात आणि अखेर पायमोज्यांतही ट्रायक्लोसान आले. हात धुऊन झाले की ते मोरीतून गटारात आणि गटारातून नदीत जाई. मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रे त्याचा बराच भाग अडवीत, सर्व नव्हे. १९९९-२००० मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ३० राज्यांतील १३९ प्रवाहांची पाहणी केली, तेव्हा तपासलेल्या निम्म्याहून अधिक प्रवाहांत ते आढळले.

पाण्यात त्याचे प्रमाण इतके सूक्ष्म, की त्याची चिंता कोणी करावी, असा प्रश्न सहज उभा राहतो. त्याचे उत्तर माशाने दिले. मासा रात्रंदिवस कल्ल्यांतून पाणी खेळवीत असतो आणि पाण्यातले परके द्रव्य त्याच्या रक्तात उतरते. त्याचा निकाल लावण्याचे काम यकृताचे. यकृत त्या द्रव्याला शर्करेपासून झालेल्या आम्लाची जोड देते आणि पित्तावाटे बाहेर टाकते. त्यामुळे पाण्यात जे कणभर असते ते पित्तात साठून मोजण्याजोगे होते. स्वीडनमधील संशोधकांनी नेमके हेच हेरले. मैलापाण्याच्या प्रवाहात ठेवलेल्या रेनबो ट्राउट माशांच्या पित्तात, तसेच त्याच जलाशयांतील मुक्त माशांच्या पित्तात त्यांना ट्रायक्लोसान सापडले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात आणखी एक नोंद होती: मातांच्या दुधाचे ५ नमुने तपासले, त्यांपैकी ३ नमुन्यांत ते भरपूर होते. माशाची गोष्ट तिथे माशापुरती राहिली नाही.

पुढील प्रयोगांत असे दिसले, की पेशींतील ज्या सूक्ष्म कोशिका अन्नापासून शक्ती निर्माण करतात, त्यांचे कार्य ट्रायक्लोसान बिघडवते. झेब्रा माशांच्या यकृतात मेद साठल्याचेही आढळले. तथापि प्रयोगशाळेत वापरलेली मात्रा बहुतेक नद्यांतील प्रमाणापेक्षा पुष्कळच अधिक असते, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. नदीतला मासा सहसा तडकाफडकी मरत नाही. पण त्याच्या यकृताला अहोरात्र हे एक जादा काम पडते.

सरकारी दप्तराची गती याहून मंद. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा साबणांविषयी नियमांचा मसुदा १९७८ मध्ये काढला. तो अंतिम झाला २०१६ मध्ये, आणि तोही एका संस्थेने न्यायालयात खेचल्यानंतर. अडतीस वर्षे फाइल पडून राहण्याचे कारण कोणाचे वैर नव्हे. ती घाईची आहे असे कोणालाच वाटले नाही, इतकेच. दरम्यान २०१४ साली मिनेसोटा राज्याने आपल्यापुरता कायदा करून टाकला. त्या राज्याच्या सीमेवरील पेपिन सरोवराच्या गाळात ट्रायक्लोसानपासून बनणारी डायॉक्सिने तीस वर्षांत वाढत गेल्याचे संशोधकांनी आधीच दाखवून दिले होते.

भारतातही तामिळनाडूच्या कावेरी, वेल्लार आणि ताम्रपर्णी या नद्यांत हे द्रव्य आढळल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

२०१६ च्या त्या नियमाने घरगुती साबणांतील १९ द्रव्यांना मनाई केली. दंतमंजनाला मात्र तो लागू नव्हता. बेन्झाल्कोनियम क्लोराइडसह तीन द्रव्यांचा निर्णय अधिक पुराव्यासाठी पुढे ढकलण्यात आला. ट्रायक्लोसान गेल्यावर अनेक जंतुनाशक साबणांत आले ते हेच बेन्झाल्कोनियम; आणि मोरीची वाट त्यालाही तीच आहे.