पवनेकाठचं चिंचवड

"चिंचवडला कसला इतिहास, सगळी एमआयडीसीच तर आहे," असं कुणी म्हटलं की डोकं फिरतं. मंडळी, कारखाने आले साठ-सत्तर वर्षांपूर्वी. त्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव पवनेच्या काठी नांदतंय.

गावाची ओळख मोरया गोसावींमुळे. त्यांची संजीवन समाधी अगदी नदीला लागून आहे. सालाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, ते असो. पण भाद्रपदात आणि माघात इथून मोरगावला पालखी निघते, ती परंपरा आजही चालू आहे. चापेकर बंधूही इथलेच. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, पुढे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव तिघेही फासावर गेले. चापेकर चौकात सिग्नलला शिव्या घालणाऱ्यांपैकी किती जण पुतळ्याकडे मान वर करून बघतात?

मग १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पाठोपाठ एमआयडीसी, आकुर्डीत बजाज, नंतर टेल्को. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली आणि बारा वर्षांत महानगरपालिका. गावकीचं शहर झालं, तेही एका पिढीत.

आता नदीचं बोलू, कारण खरं दुखणं तिथंच आहे. मावळातल्या धरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच वाहत येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यावर आपण ते उचलतो. ते थेट बंद पाईपातून आणायचं ठरलं तेव्हा मावळचे शेतकरी रस्त्यावर उतरले. ९ ऑगस्ट २०११ ला एक्स्प्रेस वेवर पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. आपल्या नळाच्या पाण्यामागं हेही आहे, विसरू नका.

आणि रावेतच्या खाली आपण तिला काय परत देतो? नाल्यांचं सांडपाणी, केजुबाई बंधाऱ्यावर फेस, उन्हाळ्यात जलपर्णी. आता नदी सुधारच्या नावाखाली काठ सुशोभित करायच्या गप्पा चालल्यात. काठ नंतर करा हो. आधी नाले अडवा, मैलापाणी शुद्ध करूनच सोडा. धरणाचा विसर्ग वाढला की समाधी मंदिरात पाणी शिरतं, आपण पुलावरून रील काढतो. जे पाणी मोरयाच्या गाभाऱ्यात जातं, ते आपणच घाण केलेलं असतं.