लाल निशाण किती अंतरावर?

जव्हारहून मोखाड्यामार्गे त्र्यंबकला जाणारा रस्ता वळणावळणाचा, आणि पावसाळ्यात धुक्याचा. अशा रस्त्याचे काम निघाले की एक मजूर लाल निशाण घेऊन उभा राहतो. बहुधा तो जवळच्या पाड्यावरचाच असतो. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाचा बापही असेल. या निशाणाचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

१८६५ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला. यंत्राच्या गाडीने गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल यांपेक्षा वेगाने जाऊ नये. शिवाय तिच्यापुढे ६० यार्डांवर, म्हणजे सुमारे ५५ मीटरवर, एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे. हेतू असा, की समोरून येणारे घोडे बुजू नयेत. १८९६ पर्यंत हे निर्बंध उठले. पुढे या कायद्याची पुष्कळ थट्टा झाली. आम्हांला मात्र त्यातले अंतर महत्त्वाचे वाटते. तेव्हा गाडी निशाणामागून चालत येई. आज ती निशाणावर धावून येते.

थोडे गणित करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अभियंते अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात ४२ मीटर गेले! मग ओल्या डांबरावर गाडी थांबायला आणखी सुमारे ४० मीटर. एकूण ८०च्या वर. उतार किंवा सुटी खडी असेल तर त्याहून जास्त. वेग निम्मा केला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपटीने घटते आणि सारे मिळून ३० मीटर पुरतात. वळणाच्या तोंडाशी, खड्ड्यापासून वीस पावलांवर उभा केलेला निशाणवाला त्यामुळे कुणालाच वाचवू शकत नाही, स्वतःलाही नाही.

बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या समितीच्या १९२८च्या अहवालाला धरून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. रस्त्याच्या कामावरील सुरक्षिततेची तिची मार्गदर्शिका आली ती २००१ साली: आधी दूरवर सूचनाफलक, मग हळूहळू अरुंद होत जाणारी वाट, आणि मग काम. मोटारीचे कायदे १९१४, १९३९ आणि १९८८ साली झाले. वेगाबद्दल दंड होई तो चालकाला. रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे किंवा देखभालीमुळे कुणी मेले वा अपंग झाले तर ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड, हे कलम २०१९ साली आले. एका जिवासमोर ही रक्कम फारच तोकडी आहे, पण निदान प्रश्न योग्य माणसाला विचारला गेला.

शाळेच्या पटांगणावर (रस्त्यावर नव्हे) ८० मीटर मोजा. एका टोकाला लाल फडके घेऊन एका मुलाला उभे करा. दुसऱ्या टोकाकडून सर्वांनी ते पाहावे. मग गावाजवळचे एखादे वळण आठवून विचारा: तिथे हे फडके कुठे धरावे लागेल?