कुंडातील बोर आणि तंतूंतील पट

पुस्तक कपाटात आहे आणि कपाट दालनात. तर पुस्तक कोठे? ग्रंथालयाच्या सभासदास हा प्रश्न पोरकट वाटेल. परंतु असल्याच गोष्टी यंत्राला उमजाव्यात म्हणून १९८४ साली अमेरिकेतील ऑस्टिन येथे डग्लस लेनाट यांनी 'साइक' हा ज्ञानसंचय रचावयास घेतला. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते काम अपुरेच होते.

अडचण आहे ती रोजच्या शब्दांच्या सैलपणाची. कपाटात पुस्तक, भिंतीत खिळा, भिंतीत भेग. तिन्ही ठिकाणी सप्तमीचा 'त'च. पण पुस्तक काढता येते, खिळा उपटता येतो. भेग काढून बाजूला ठेवता येत नाही. 'भाग' या शब्दाचेही तेच. पान हा पुस्तकाचा भाग, पुस्तक हा संग्रहाचा भाग. तरी शंभर पानी पुस्तक आले म्हणून दाखल-नोंदवहीत शंभर नोंदी कोणी करीत नाही. विन्स्टन, चॅफिन व हेरमन यांनी १९८७ मध्ये भाग-समग्र संबंधाचे सहा प्रकार वेगळे काढले आणि एका प्रकारावरून दुसऱ्यावर उडी घेतली की अनुमान फसते, असे प्रतिपादन केले.

आपल्या वैशेषिकांना हा भेद फार पूर्वीच जाणवला होता. कुंड आणि बोर यांचा संबंध तो संयोग. तंतू आणि पट यांचा तो समवाय. बोर उचलले तरी दोन्ही शाबूत. तंतू सुटे झाले की पटच उरत नाही. गंमत अशी, की व्यवहारात आपण 'कापडात धागे' म्हणतो, तर या शास्त्रात पटच तंतूंच्या ठायी राहतो. अवयवी हा अवयवांहून निराळा आणि त्यांच्या आश्रयाने असणारा. बौद्धांनी ही कल्पना कडाडून खोडली आणि तो वाद शतकानुशतके चालला.

येथे थोडे सावध राहणे बरे. रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ मधील लेखावरून 'संगणकास संस्कृतच सर्वोत्तम' अशी आवई आपल्याकडे उठली. मूळ लेख शास्त्रीय संस्कृतातील वाक्यविश्लेषणाची तुलना करणारा होता, एवढेच. 'साइक'ची मांडणी आधुनिक गणिती तर्कशास्त्रावर उभी आहे.

राहिली ती भेग. 'तर्कसंग्रहा'त अन्नंभट्टांनी अभावाला सातवा पदार्थ म्हणून जागा दिली आहे. पाश्चात्त्य तत्त्वज्ञ कासाती व वार्झी यांनी १९९४ मध्ये केवळ छिद्रांवर एक अख्खा ग्रंथ लिहिला.